जिन्न, जादूची टोपी आणि वसतिगृहाची पंगत

पावसाळा लागला की वर्ध्याच्या परिसरात नवी मुले येऊ लागतात. वैद्यकीयचे प्रवेश लांबले तर हा ओघ दिवाळीपर्यंत चालतो. सावंगी मेघे, सेवाग्राम, हिंदी विश्वविद्यालयाची टेकडी ही त्यांची मुक्कामाची ठिकाणे. ज्यांना वसतिगृहात जागा मिळत नाही ते बोरगाव मेघे, सिंदी मेघे, पिपरी मेघे येथे भाड्याची खोली शोधतात. पत्र्याची पेटी जाऊन चाकांची बॅग आली, एवढा बदल सोडला तर पहिल्या दिवशीचा चेहरा तोच आहे. घर सोडून आलेल्या अठरा वर्षांच्या मुलाचा चेहरा.

या चेहऱ्याचे स्वागत कसे करावे, याचे शास्त्र आता तयार झाले आहे. त्याला ‘ओरिएंटेशन’ म्हणतात, ‘इंडक्शन’ म्हणतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली त्याला ‘दीक्षारंभ’ असे भारदस्त नावही दिले. सरकारी कागदावर त्यात योग, व्याख्याने, परिसरभेट असे सारे काही असते. पण मुलांच्या लक्षात राहते ती वसतिगृहातली संध्याकाळ, आणि त्या संध्याकाळीला हल्ली ‘थीम’ असते. कुठे हॉगवर्ट्सची जादूशाळा, कुठे सुपरहीरो, कुठे जंगलातली टोळी, कुठे ‘अरेबियन नाइट्स’. पुठ्ठ्याचे महाल उभे राहतात, भाड्याचे झगे येतात आणि नवा विद्यार्थी स्वतःचे नाव सांगण्याआधी कुठल्यातरी काल्पनिक राज्याचा रहिवासी होतो. ही रीत मुळात अमेरिकेतल्या डॉर्मिटऱ्यांची. तिथे मजल्यामजल्याला थीम असते आणि ‘रेसिडेंट असिस्टंट’ नावाचा वरच्या वर्गातला विद्यार्थी प्रत्येक दारावर कागदी पाटी चिकटवतो. आपल्याकडे ती सिनेमातून आणि मोबाइलवरून आली.

‘त्यात काय एवढे, पोरांचा खेळ आहे’ असे म्हणून हा विषय झटकता येईल. पण मला त्याकडे वाङ्मयप्रकार म्हणून पाहावेसे वाटते. थीमला संहिता असते, भूमिका असतात, नेपथ्य असते, प्रेक्षक असतो. मग तिची समीक्षा का होऊ नये? कवितेच्या चार ओळींवर चाळीस पाने लिहिणाऱ्या आपल्या समीक्षेने, हजारो तरुण दरवर्षी ज्यात सक्तीने वा खुशीने भाग घेतात त्या नाट्याकडे डोळेझाक करावी हे मला पटत नाही.

आधी एक गैरसमज दूर करतो. थीम अद्भुत आहे म्हणून माझी तक्रार नाही. मराठी टीकेला अद्भुताचे वावडे फार जुने आहे. ‘मुक्तामाला’ (१८६१), ‘मंजुघोषा’ (१८६८) या कादंबऱ्यांना वास्तवाचा गंध नाही, हा शेरा आपण पिढ्यानपिढ्या पाठ केला. मी ज्या परंपरेतून येतो तिथे तर अद्भुत हेच घरातले अन्न होते. आजीची गोष्ट जिन्नाशिवाय सुरू होत नसे. लखनौच्या नवल किशोर छापखान्याने १८८३ पासून ‘तिलिस्मे होशरुबा’चे जाडजूड खंड काढले आणि ते उत्तर हिंदुस्थानात वाचले, ऐकले गेले. अद्भुत हे पोरकट असतेच असे नाही. ते पोरकट केव्हा होते, हा खरा प्रश्न आहे.

‘अरेबियन नाइट्स’ हीच थीम घेऊ. ज्या ग्रंथाचे नाव ती लावते त्याचा सांगाडा भयंकर आहे. एक बादशहा रोज एका मुलीशी निकाह लावतो आणि सकाळी तिला मारतो. वजिराची मुलगी शहरजाद त्याच्या महालात जाते आणि जीव वाचवण्यासाठी गोष्ट सांगू लागते. गोष्ट थांबली की मान गेली. नव्या, परक्या, सत्ता दुसऱ्याच्या हातात असलेल्या वास्तूत पहिली रात्र कशी काढावी याचे इतके नेमके चित्र जगाच्या वाङ्मयात दुसरे क्वचितच असेल. वसतिगृहातल्या पहिल्या रात्रीला याहून समर्पक थीम ती कोणती? पण थीममध्ये शहरजाद नसते. तिथे असतात ते पोट उघडे टाकून नाचणारी मुलगी, खोटी दाढी लावलेला शेख, धुराच्या फवाऱ्यातून निघणारा निळा जिन्न आणि चटईचे विमान. ग्रंथातले भय काढून टाकले, बुद्धी काढून टाकली आणि पोशाख तेवढा ठेवला.

हा पोशाखही अरबांचा नाही. अंतॉन गालाँ या फ्रेंच पंडिताने १७०४ ते १७१७ या काळात या कथा फ्रेंचमध्ये आणल्या. अल्लादीनची कथा त्याच्या हाती असलेल्या अरबी हस्तलिखितात नव्हतीच. ती त्याने १७०९ साली पॅरिसमध्ये हन्ना दियाब नावाच्या अलेप्पोच्या ख्रिस्ती तरुणाच्या तोंडून ऐकली. त्या कथेतला अल्लादीन चीनमध्ये राहतो. मराठीत कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी एकोणिसाव्या शतकात ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ सुरू केल्या तेव्हा त्यांच्यापुढेही युरोपातून फिरून आलेल्याच गोष्टी होत्या. म्हणजे सिरियाचा ख्रिस्ती, फ्रान्सचा पंडित, पुण्याचा शास्त्री अशा कितीतरी हातांतून गेलेली ही मालमत्ता. ती कुणा एकाच्या धर्माची नाही याचा मला आनंदच आहे. पण १९९२ साली डिस्नेने ‘अल्लादीन’ पडद्यावर आणला आणि त्यानंतर तिचा एकच छाप उरला. त्या चित्रपटातल्या एका गाण्यातली ओळ अरबांना रानटी ठरवते, अशी हरकत अमेरिकेतल्या अरब नागरिकांच्या संघटनेने घेतल्यावर १९९३ च्या व्हिडिओ आवृत्तीत ती बदलावी लागली. ओळ बदलली, छाप कायम राहिला.

तो किती खोल गेला याचे एक उदाहरण देतो. डिसेंबर २०१५ मध्ये ‘पब्लिक पॉलिसी पोलिंग’ या अमेरिकेतल्या संस्थेने मतदारांना विचारले की अग्रबावर बॉम्ब टाकावेत का. रिपब्लिकन पक्षाच्या मतदारांपैकी ३० टक्क्यांनी ‘होय’ म्हटले, डेमोक्रॅट मतदारांपैकी १९ टक्क्यांनी. अग्रबा नावाचे शहर पृथ्वीवर कुठेही नाही. ते डिस्नेच्या ‘अल्लादीन’मधले आहे. एडवर्ड सईद यांनी १९७८ साली ‘ओरिएंटॅलिझम’मध्ये जे शेकडो पानांत मांडले ते या एका प्रश्नाने सिद्ध केले. पुठ्ठ्याचे शहर निरुपद्रवी असते, असे आता मला कोणी सांगू नये.

आणि हे दूर अमेरिकेतच घडते असेही नाही. बोरगाव मेघेत आमच्या गल्लीत खोली घेऊन राहणारा एक विद्यार्थी आहे. त्याचे गाव जवळच्याच तालुक्यातले, बाप ट्रकचा गॅरेजवाला. पहिल्या वर्षी तो एका वसतिगृहात होता. तिथे ‘अरेबियन नाइट्स’ ठरली तेव्हा चिठ्ठ्या टाकून भूमिका वाटल्या गेल्या, मात्र याच्यासाठी चिठ्ठी नव्हती. नाव ऐकूनच शेखचा झगा त्याच्याकडे आला. तो मला म्हणाला, “चाचा, मले तं उर्दूबी धड वाचता येत नाही, अन् त्यायनं मले शेख बनवलं.” तो हसत सांगत होता. त्याला झगा देणारी पोरेही वाईट नव्हती. त्यातले दोघे आजही त्याचे मित्र आहेत. पण त्या रात्रीनंतर वर्षभर त्याचे वसतिगृहातले नाव ‘शेख’ राहिले, आणि त्याचे आडनाव शेख नाही. ज्याची मायबोली वऱ्हाडी, ज्याच्या घरी पोळ्याला बैल सजवतात, त्याला आपल्याच जिल्ह्यात अरबस्तानचा रहिवासी करायला एक झगा पुरला.

सोंग आपल्याला नवे नाही. बहुरूपी दारोदार फिरत, खडी गंमतीत पुरुष स्त्रीचे सोंग घेऊन गावच्या पाटलाला चिमटे काढत, मोहरमात नवस बोललेले हिंदू-मुसलमान अंगाला पट्टे रंगवून वाघ होत. दास्तानीतला अमर अय्यार तर सोंगाचा बादशहा. म्हातारी, फकीर, वाणी, वाटेल ते रूप घेऊन तो जादूगार राजांना लुबाडतो. या साऱ्यांत एक गोष्ट समान आहे. सोंग घेणारा ते स्वतः घेतो आणि बहुधा दुबळा सबळाला फसवण्यासाठी घेतो. वसतिगृहाच्या थीममध्ये हे उलटते. सोंग वरचा ठरवतो आणि खालचा घालतो. म्हणून मला तिच्यात दास्तानीपेक्षा रॅगिंगचा वास जास्त येतो. महाराष्ट्राने १९९९ साली रॅगिंगबंदीचा कायदा केला. २००९ च्या मार्चमध्ये हिमाचल प्रदेशातल्या वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू हा विद्यार्थी मारहाणीत गेला, आणि त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाचे कडक विनियम आले. पूर्वी सीनिअर ‘कोंबडा हो’ म्हणत. आता तसे म्हणता येत नाही, पण थीमच्या नावाखाली कोंबड्याचा पोशाख देता येतो. दोन्ही एकच आहेत असे मी म्हणत नाही. एकात मार होता, दुसऱ्यात केक असतो. मात्र ‘आमच्यात यायचे तर आधी आम्ही सांगू ते हो’ हे सूत्र दोन्हीकडे आहे.

आता हॉगवर्ट्स. या थीमची गंमत म्हणजे तिच्यातली ती बोलणारी टोपी. ती नव्या मुलाच्या डोक्यावर ठेवायची आणि तिने स्वभाव ओळखून चारांपैकी एका घराण्यात त्याची रवानगी करायची. पोरांना हे फार आवडते. आवडणारच. आपला स्वभाव पाहून कोणी आपली जागा ठरवते, हे या देशातल्या मुलाला खरोखरच अद्भुत वाटावे असे आहे! कारण आपल्याकडे टोपी बोलत नाही, आडनाव बोलते.

महाराष्ट्रातल्या वसतिगृहांचा इतिहास हा या वाटणीचा आणि ती मोडण्याचा इतिहास आहे. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून एकेका समाजाची बोर्डिंगे उभी केली. १९०६ साली मोहामेडन एज्युकेशन सोसायटी निघाली आणि मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. ही बोर्डिंगे वेगवेगळी का, असा प्रश्न आज विचारता येतो. पण त्या काळी जातीबाहेरच्या मुलाला कोणी उंबऱ्यावर घेत नव्हते, तेव्हा निदान स्वतःचा उंबरा असणे हीच मोठी गोष्ट होती. पुढचे पाऊल भाऊराव पाटलांनी टाकले. १९२४ साली साताऱ्यात त्यांनी सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकच बोर्डिंग काढले. मुसलमान, महार, मराठा, जैन मुले एका पंक्तीला जेवू लागली. धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. १९२७ मध्ये गांधीजींनी या वसतिगृहाला भेट दिली. या बोर्डिंगातल्या नव्या मुलाचे ओरिएंटेशन काय होते? भाकरी. शेजारी कोण बसला आहे हे पाहून ताट ओढून घ्यायचे की नाही, याचा निर्णय पहिल्याच संध्याकाळी करावा लागे. इथे पुठ्ठ्याचा महाल चालण्यासारखा नव्हता.

ते दिवस गेले असे म्हणण्याची सोय नाही. जुलै २०२३ मध्ये पवईच्या आयआयटीत बारा क्रमांकाच्या वसतिगृहाच्या कॅन्टीनमध्ये ‘येथे फक्त शाकाहारी’ अशा अर्थाचे कागद भिंतीवर लागले. काही आठवड्यांनी सामाईक मेसमधली सहा टेबले शाकाहाऱ्यांसाठी अधिकृतपणे राखून ठेवण्यात आली, आणि त्याविरुद्ध निदर्शन करणाऱ्या एका विद्यार्थ्याला दहा हजार रुपयांचा दंड झाला. देशातल्या हुशारांतल्या हुशार मुलांच्या वसतिगृहातली ही वाटणी करायला कुठलीही टोपी लागली नाही. आणि २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी हिने वसतिगृहातल्या खोलीत जीव दिला. जळगाव जिल्ह्यातली, तडवी भिल्ल समाजातली, मुसलमान घरातली ही मुलगी स्त्रीरोगशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेत होती. तिघी वरिष्ठ महिला डॉक्टरांवर जातीय छळाच्या आरोपाखाली गुन्हा दाखल झाला, आरोपपत्र गेले. तिची आई आबेदा तडवी यांनी रोहित वेमुलाच्या आईसोबत सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. पायलचे नाव थीमच्या लेखात का, असे कोणी विचारील. वसतिगृहात नवा माणूस आला की त्याची जागा ठरते. ती कोण, कशावरून ठरवतो, हाच या लेखाचा विषय आहे. झगमगाटाच्या संध्याकाळी हा प्रश्न कोणाच्या डोक्यात येऊ नये, ही थीमची खरी कामगिरी.

इथून हाकेच्या अंतरावर दुसऱ्या प्रकारचा एक प्रयोग पन्नासहून अधिक वर्षे होत आला आहे. सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली, गांधीशताब्दीच्या वर्षी, सुरू केले. तिथे एमबीबीएसला प्रवेश मिळालेली मुले पहिले पंधरा दिवस आश्रमात राहतात. पहाटेची प्रार्थना, सूतकताई, झाडलोट, श्रमदान, अंगावर खादी. ‘नीट’ येण्यापूर्वी या संस्थेच्या स्वतंत्र प्रवेशपरीक्षेत गांधीविचारांची प्रश्नपत्रिकाही असे. पुढे प्रत्येक तुकडी एक गाव घेते, तिथे शिबिर करते आणि विद्यार्थ्यांना कुटुंबे वाटून दिली जातात.

हीदेखील थीमच आहे, असा आक्षेप घेता येतो आणि तो घेतला पाहिजे. मुंबई-दिल्लीहून आलेल्या, आयुष्यात कधी झाडू न धरलेल्या मुलाने पंधरा दिवस झाडू मारणे हेही सोंगच. खादी हाही एक झगा. शाकाहाराची सक्ती मला खटकते. मांस शिजणाऱ्या घरातून आलेल्या मुलामुलींना, मग ती मुसलमान असोत, दलित असोत वा आदिवासी, ‘तुमच्या घरचे अन्न इथे चालत नाही’ हा पहिला पाठ मिळतो, त्यामागचा हेतू कितीही थोर असो. गांधींच्या नावाने म्हटले म्हणून तो पाठ बदलत नाही. तरीही दोन्हींत मला फरक दिसतो. झाडूने जमीन खरोखर साफ होते. चरख्यावरचा धागा तुटला की तो सुतडा नवा मुलगा डीनचा पोरगा आहे की मजुराचा, हे धाग्याला कळत नाही. आणि प्रार्थनेत कुराणातला फातिहा येतो. आश्रमाच्या प्रार्थनेत तो रुजण्यामागे रेहाना तय्यबजींचा वाटा आहे. ज्या मुलाने मुसलमान म्हणजे पडद्यावरचा शेख एवढेच पाहिले, त्याच्या कानावर पहाटे, जागेपणी, तो पडतो. त्याला अर्थ कळतो की नाही ही पुढची गोष्ट. पण इथे मुसलमानपण झग्यातून येत नाही, शब्दांतून येते.

वर्ध्याच्या मातीत या विषयावर एका मुसलमानाने केलेला विचारही पुरलेला आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमचा आराखडा करण्यासाठी जी समिती नेमली गेली तिचे अध्यक्ष डॉ. झाकिर हुसैन होते. हाताने काम करत शिकायचे, ही त्या आराखड्याची कल्पना. त्या योजनेवर मुस्लिम लीगने कठोर टीका केली. मध्य प्रांतातल्या शाळांच्या योजनेला ‘विद्यामंदिर’ हे नाव दिले गेले, तेव्हा मुसलमानांनी ‘मंदिर’ या शब्दाला हरकत घेतली. लीगच्या राजकारणाशी मी सहमत नाही. पण संस्थेच्या दारावर जे नाव असते त्यावरून आत कोण पाहुणा आणि कोण घरचा हे ठरते, एवढे त्या हरकतीत तथ्य होते. ‘दीक्षारंभ’ हे नाव ठेवणाऱ्यांनीही त्याचा विचार केलेला दिसत नाही. झाकिरसाहेबांविषयी एक आठवण सांगतात, की जामियात मुले मळलेले बूट घालून येत तेव्हा ते स्वतः ब्रश आणि पॉलिश घेऊन दाराशी बसले. कुलगुरूने सोंग घेतले, आणि तेही खालच्या माणसाचे! अमर अय्यारनंतर सोंगाचा इतका चांगला उपयोग मला माहीत नाही.

याच झाकिर हुसैन यांनी मुलांसाठी गोष्टी लिहिल्या, हे मराठी वाचकाला फारसे ठाऊक नाही. ‘अब्बू खाँ की बकरी’ ही त्यांतली प्रसिद्ध. एका फ्रेंच कथेवरून बेतलेली ही उर्दू गोष्ट त्यांनी रुकैया रेहाना या नावाने छापली. अब्बू खाँची चांदनी नावाची बकरी दोर तोडून डोंगरावर जाते. दिवसभर मोकळी हिंडते. रात्री लांडगा येतो. परत जाण्याची वाट तिला माहीत आहे, पण ती जात नाही. शिंगे रोखून पहाटेपर्यंत लढते आणि पहाटे पडते. झाडावरची पाखरे वाद घालतात, कोण जिंकले. बहुतेक म्हणतात लांडगा. एक म्हातारे पाखरू म्हणते, चांदनी.

बोलणारी पाखरे, लढणारी बकरी. म्हणजे हेही अद्भुतच. पण नव्या मुलाला जे भय वाटते ते या गोष्टीने झाकलेले नाही. घर सोडून आलेला अठरा वर्षांचा मुलगा बकरीत स्वतःला पाहू शकतो, आणि वरच्या वर्गातल्या मुलाला आपण कोणत्या बाजूला आहोत हा प्रश्न पडू शकतो. ती रंगमंचावर आणायला अर्धा तास पुरतो. भाड्याचे झगे, धुराचे यंत्र लागत नाही. भूमिका चिठ्ठ्या टाकून वाटता येतात, आणि लांडगा व्हायला नावाची अट नाही.

राहता राहिले जेवण. २००९ च्या विनियमांत एक कलम आहे. नव्या मुलांना धीर यावा म्हणून शक्यतो अध्यापकांनी वसतिगृहात मुलांसोबत जेवावे, असे त्यात सांगितले आहे. सुटाबुटातल्या आयोगाला हे कुठून सुचले कोण जाणे. भाऊरावांच्या बोर्डिंगातून आल्यासारखे ते वाटते. गल्लीतल्या त्या मुलाला मी विचारले, तुमच्याकडे सर जेवायला येत होते का. तो म्हणाला, थीमच्या रात्री आले होते, बक्षीस द्यायला. जेवण त्यांच्यासाठी वेगळ्या टेबलावर लावले होते.